केळीचे पिल्लू घेताना आणि देताना
(परसबागेसाठी एक पाठ)

देवरूख परिसरातील बहुतेक जुन्या घरांच्या न्हाणीमागे केळीचे एखादे बेट असते. न्हाणीचे पाणी त्याला आपोआप मिळते. शेजारी अळू वाढते. पान जेवायला होते, केळफुलाची भाजी होते, कच्च्या केळ्यांचे काप होतात आणि घड पिकला की चार घरी फण्या जातात. मृगाचा पाऊस सुरू झाला की बायका एकमेकींना विचारतात, "काकी, तुमची वेलची फार गोड हो. एक पिल्लू द्याल का?" आणि काकी नाही म्हणत नाहीत.

ही देवघेव चांगली आहे आणि ती चालू राहिली पाहिजे. परंतु पिल्लाबरोबर एका घरच्या केळीचा रोग दुसऱ्या घरी जाऊ शकतो, ही गोष्ट आपल्या फारशी लक्षात येत नाही. म्हणून आजच्या पाठात पिल्लू कसे निवडावे, कसे काढावे आणि कसे लावावे हे पाहूच. त्याबरोबर ते केव्हा घेऊ नये आणि केव्हा देऊ नये, हेही पाहू.

१. पिल्लू म्हणजे आईचाच तुकडा

आपण खातो त्या केळ्यांत रुजणारे बी नसते. फळाच्या मध्यावर दिसणारे बारीक काळे ठिपके म्हणजे न वाढलेल्या बियांच्या खुणा. केळीचे खरे खोड जमिनीखाली असते. त्याला आपण कांदा म्हणतो. वर दिसणारा खांब म्हणजे पानांच्या सोपांची घट्ट गुंडाळी. एक खांब एकदाच घड देतो आणि संपतो. पुढचा वंश चालवतात ती कांद्याच्या कडेने फुटणारी पिल्ले. शेतीच्या पुस्तकांत त्यांना मुनवे म्हणतात.

यामुळे पिल्लात आईची गोडी, उंची आणि घडाचा आकार जसाच्या तसा उतरतो. सफेद वेलचीचे पिल्लू वेलचीच देणार. वसईची सुकेळी ज्या राजेळीपासून होतात, तिचे पिल्लू राजेळीच देणार. हा मोठा फायदा आहे. पण आईच्या अंगातला रोगही तसाच उतरतो. बियांपासून उगवलेल्या रोपात आईचे पुष्कळसे रोग येत नाहीत. केळीच्या बाबतीत ती चाळणीच नाही.

२. आधी आई पाहावी

पिल्लू मागायला गेल्यावर प्रथम पिल्लाकडे पाहू नये. संपूर्ण बेट पाहावे. पुढील तीन गोष्टी तपासाव्यात.

पर्णगुच्छ. या रोगाला 'बंची टॉप' असेही म्हणतात. नवी पाने आखूड, अरुंद आणि ताठ उभी राहतात. त्यांच्या कडा पिवळ्या पडतात. सगळी पाने शेंड्याशी झुबक्यासारखी एकत्र होतात. पानाच्या मागच्या बाजूला शिरांवर आणि देठावर गडद हिरव्या रंगाचे ठिपके व तुटक रेघा दिसतात. अशी केळ बहुधा घड देत नाही. दिलाच तर तो खुरटा असतो. हा विषाणूचा रोग असून त्यावर औषध नाही.

मर रोग. खालची पाने आधी पिवळी पडतात, देठाशी मोडतात आणि खांबाभोवती लोंबत राहतात. खांब आडवा कापला तर आत तांबूस-तपकिरी डाग किंवा वलये दिसतात. ही बुरशी मातीत कित्येक वर्षे टिकते.

सोंड्या किडा. याची अळी कांदा आतून पोखरते. केळ खुरटते आणि थोड्याशा वाऱ्यानेही मुळासकट कोलमडते. कांदा कापल्यावर काळपट भोके दिसतात.

बेटातील एका केळीवर जरी पर्णगुच्छाची किंवा मर रोगाची लक्षणे असली, तरी त्या बेटातील कोणतेही पिल्लू घेऊ नये. शेजारचे पिल्लू टवटवीत दिसते, मग ते घ्यायला काय हरकत आहे, असे मनात येते. परंतु पिल्ले एकाच कांद्याला जोडलेली असतात. विषाणू आत पोहोचल्यानंतर लक्षण दिसायला काही आठवडे लागतात. तोवर ते पिल्लू आपल्या परसात रुजलेलेही असते.

३. पिल्लांतून देशोदेशी गेलेला रोग

पर्णगुच्छाची पहिली नोंद १८८९ मध्ये फिजी बेटांवर झाली. १९१३ च्या सुमारास तिथून ऑस्ट्रेलियात पिल्ले नेली गेली. त्यांच्याबरोबर रोगही गेला. पुढच्या दहा-बारा वर्षांत न्यू साउथ वेल्सच्या उत्तर भागातील आणि क्वीन्सलँडच्या दक्षिण भागातील केळीच्या बागा जवळजवळ बसल्या.

चार्ल्स मॅगी या शास्त्रज्ञाने अभ्यास करून १९२७ मध्ये दाखवून दिले की हा रोग दोन वाटांनी पसरतो. जवळच्या जवळ तो केळीवरच्या तपकिरी-काळ्या माव्यामुळे जातो. दूर जातो तो माणसाने नेलेल्या रोगी पिल्लांमुळे. त्यानंतर तिथे रोगी केळी खणून नष्ट करण्याची आणि पिल्ले परवानगीशिवाय न हलवण्याची सक्ती झाली. गावोगावच्या शेतकऱ्यांनी ती पाळली आणि बागा पुन्हा उभ्या राहिल्या. औषध तेव्हा नव्हते आणि आजही नाही. लोकांच्या एकजुटीने ते काम झाले.

आपल्या देशात हा रोग १९४० च्या सुमारास श्रीलंकेतून केरळात आला असे मानले जाते. तमिळनाडूतील पळणी डोंगरांत विरुपाक्षी नावाची सुवासिक केळी फार मोठ्या क्षेत्रावर होत असे. पर्णगुच्छामुळे तिचे क्षेत्र अगदी थोडे उरले. महाराष्ट्रातही हा रोग आढळला आहे. पिल्लू पिशवीत घालून एस.टी.ने दुसऱ्या जिल्ह्यात नेणे सोपे असते. म्हणूनच जपायला हवे.

४. पिल्लाची निवड व तयारी

आई निरोगी असल्याची खात्री झाली की मग पिल्लाकडे वळावे. पिल्ले दोन प्रकारची असतात. एकाची पाने तलवारीच्या पात्यासारखी निमुळती आणि बुंधा जाड असतो. दुसऱ्याची पाने लहानपणीच रुंद असतात, पण बुंधा बारीक असतो. रुंद पानांचे पिल्लू दिसायला छान वाटते. मात्र त्याचा कांदा लहान आणि कमजोर असतो. लावायला तलवारीसारखेच पिल्लू घ्यावे. वय दोन ते चार महिने आणि कांदा साधारण अर्धा ते एक किलोचा असावा.

पिल्लू ओढून उपटू नये. भोवतालची माती कुदळीने मोकळी करावी आणि पहारीने किंवा धारदार कोयतीने आईपासून अलग करावे. आईच्या कांद्याला कमीत कमी इजा व्हावी. जखमेवर लगेच माती ओढावी.

नंतर पिल्लाची सर्व मुळे आणि कांद्याची वरची साल तासून काढावी. आतला भाग पांढराशुभ्र दिसला पाहिजे. भोके किंवा काळे-तांबूस डाग दिसले तर ते पिल्लू बाजूला टाकावे. खांब कांद्यापासून वीतभर ठेवून वरचा भाग कापावा.

कांद्यातील सूत्रकृमी आणि सोंड्याची अंडी मारण्यासाठी एक सोपा उपाय आहे. नायजेरियातील इबादान येथील आंतरराष्ट्रीय उष्णकटिबंधीय कृषी संस्थेने तो आफ्रिकेतील लहान शेतकऱ्यांना शिकवला आहे. सोललेला कांदा उकळत्या पाण्यात मोजून ३० सेकंद बुडवायचा आणि बाहेर काढून सावलीत गार करायचा. चुलीवरचे मोठे पातेले त्यासाठी पुरते. वेळ मात्र घड्याळावर पाहावी. जास्त वेळ ठेवला तर कांदा शिजतो. या उपायाने पर्णगुच्छाचा विषाणू किंवा मर रोग जात नाही, हे विसरू नये.

५. लावणी

आपल्याकडे पावसाला तोटा नाही. जुलैच्या मुसळधार पावसात ताजा कापलेला कांदा पाणी साचून कुजतो. म्हणून पहिल्या सरींनी जमीन भिजल्यावर जूनच्या सुरुवातीस लावावे, किंवा पावसाचा जोर ओसरल्यावर सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमध्ये लावावे. दुसरी वेळ निवडली तर उन्हाळाभर पाणी देण्याची तयारी हवी.

खड्डा दीड फूट लांब, तितकाच रुंद व खोल घ्यावा. वरची माती वेगळी ठेवावी. तिच्यात घमेलेभर कुजलेले शेणखत आणि मिळाल्यास अर्धा किलो निंबोळी पेंड मिसळून खड्डा भरावा. खाली जांभ्याचा कातळ लागत असेल तर खोल जाण्याऐवजी मातीचा उंचवटा करून त्यावर लावावे. कांदा उभा ठेवून त्यावर दोन-तीन बोटे माती येईल इतपतच पुरावा आणि माती पायाने घट्ट दाबावी. दोन केळींत सहा-सात फूट अंतर ठेवावे. पावसाळ्यात आळ्यात पाणी तुंबणार नाही अशी वाट काढून द्यावी.

६. नंतरची निगा

रोप लागल्यावर दोन-तीन महिन्यांच्या अंतराने शेणखत आणि राख द्यावी. नोव्हेंबर ते मे या कोरड्या महिन्यांत आळ्यात पालापाचोळ्याचे जाड आच्छादन करावे. न्हाणीचे पाणी चालते. पण कपड्यांच्या सोड्याचे पाणी रोज एकाच केळीला सोडू नये. फुटणारी जादा पिल्ले वेळच्या वेळी कापावीत. घड येण्याच्या सुमारास एकच जोमदार पिल्लू पुढच्या पिकासाठी राखावे. सर्वच ठेवली तर बेट दाट होते आणि घड लहान होतात. घड धरल्यावर बांबूचा टेकू द्यावा.

पानांच्या बेचक्यात आणि सोपांच्या आत आठवड्यातून एकदा नजर टाकावी. मुंग्यांची ये-जा दिसली तर तिथे बहुधा मावा असतो.

७. रोगी केळ सापडली तर

हा भाग सर्वांत कठीण आहे. पर्णगुच्छ झालेली केळ लगेच मरत नाही. ती हिरवी असते, उभी असते, कदाचित आईने किंवा आजीने लावलेली असते. "राहू दे, घड नाही तरी पाने तरी होतील," असे वाटते. परंतु ती उभी आहे तोवर तिच्यावरचा मावा शेजारच्या केळींवर जात राहतो. आपले कुंपण त्याला अडवत नाही.

म्हणून प्रथम केळीवर शेंड्यापासून बुंध्यापर्यंत कीटकनाशक फवारून मावा मारावा. केळ आधी तोडली तर मावा उडून दुसरीकडे जातो. नंतर संपूर्ण बेट कांद्यासह, सर्व पिल्लांसह खणून काढावे, तुकडे करावेत आणि खोल पुरावेत किंवा वाळवून जाळावेत. उरलेल्या कांद्यातून पुन्हा कोंब आले तर तेही काढावेत. मर रोग असेल तर त्या जागी पुन्हा केळ लावू नये आणि वापरलेली हत्यारे धुऊन घ्यावीत. शंका असल्यास पानांचे फोटो घेऊन तालुका कृषी कार्यालयात किंवा दापोलीच्या कृषी विद्यापीठातील तज्ज्ञांना दाखवावेत. नव्याने सुरुवात करायची असेल तर विषाणूची तपासणी झालेली ऊतिसंवर्धित रोपे घ्यावीत. अशा रोपांना प्रमाणपत्र देण्याची केंद्र सरकारची व्यवस्था २००६ पासून आहे.

८. देणाऱ्याचे आणि घेणाऱ्याचे कर्तव्य

शेजारणीच्या बेटाची तपासणी करणे आपल्याला अवघड वाटते. तिला राग येईल, असे वाटते. परंतु दोघींनी मिळून पाने उलटून पाहिली तर त्यात कोणाचा अपमान नाही. उलट तिच्या बागेतील रोग वेळेवर लक्षात येईल. देणाऱ्यानेही मागणाऱ्याची वाट न पाहता स्वतः सांगावे, "यंदा माझ्या केळीवर रोग दिसतोय, पिल्लू देत नाही." त्या दिवशी पिल्लू न देणे हेच शेजाऱ्याचे भले करणे होय.

घरी चर्चा करण्यासाठी

१) आपल्या परसातील केळीची पाने मागच्या बाजूने आपण शेवटची कधी पाहिली?
२) आपल्या बेटाचे पहिले पिल्लू कोणाकडून आले? त्यांची केळ आज कशी आहे?
३) गेल्या वर्षी आपण कोणाकोणाला पिल्ले दिली? ती नीट वाढत आहेत का, हे या आठवड्यात विचाराल का?