गुंठ्याचं कळलं, शेअरचं नाही

पनवेलजवळच्या आमच्या विचुंब्यात जमिनीचा भाव कसा चढतो हे शाळकरी पोरालाही कळतं. नवी मुंबईचा विमानतळ येणार म्हणताच गुंठे महागले, तेव्हा तिथे धावपट्टी सोडा, डोंगरही हलला नव्हता. ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन झालं. त्या दिवशी कुणी एजंटला म्हणाला असता, "विमानतळ झालाय म्हणे, जुन्या भावाने गुंठा द्या," तर त्याने चहा पाजून वाटेला लावलं असतं.

शेअर बाजारात मी नेमकं हेच केलं. फेब्रुवारी २०१८ मध्ये विमानतळाचं भूमिपूजन झालं आणि लोकलमधला एक मित्र म्हणाला, अमुक कंपनीला कामं मिळणार. मुलीच्या शिक्षणाची एफडी मोडून २ लाख ४० हजारांचे शेअर घेतले. दीड वर्षात लाखाच्या आत आले. गंमत म्हणजे कंपनीला कामं मिळाली. पण ती मिळणार हे धरूनच भाव वर गेला होता. मी दिलेल्या पैशांत ती बातमी आधीच होती.

युजीन फामा या अमेरिकी अर्थतज्ज्ञाने १९७० मध्ये हेच मांडलं: जाहीर झालेली माहिती भावात मुरलेली असते. त्यांना २०१३ चं नोबेल मिळालं ते रॉबर्ट शिलर यांच्यासोबत, आणि शिलर म्हणतात बाजार वाहवत जातो. दोघेही खरे असावेत. २३ मार्च २०२० ला सेन्सेक्स एका दिवसात १३ टक्के पडून २५,९८१ वर आला, वर्षअखेर ४७ हजारांपुढे होता. बाजार चुकतो, पण चुकलाय हे त्याच दिवशी ओळखायला माझ्यासारख्या लोकलमधल्या स्टँडिंगवाल्याकडे काय होतं?

दुसरी चूक हिशेबाची. माझे बाकीचे शेअर दहा वर्षांत दुप्पट झाले म्हणून मी सोसायटीत मिरवत होतो. दहा वर्षांत दुप्पट म्हणजे वर्षाला जेमतेम ७.२ टक्के. सेन्सेक्स २०१४ अखेर २७,४९९ होता, २०२४ अखेर ७८,१३९. म्हणजे वर्षाला ११ टक्के, तेही लाभांश न धरता. बाजार नियामक सेबीने २०१८ पासून म्युच्युअल फंडांना लाभांश धरलेल्या निर्देशांकाशीच तुलना करायला लावली आहे. तोच नियम स्वतःला लावा. वहीत खरेदीची तारीख, त्या दिवशीचा निर्देशांक, ब्रोकरेज, कर, सगळं लिहा. बुडालेले शेअरही लिहा. मी ते पान सोयीस्कर विसरत असे. निर्देशांकाला हरवता येत नसेल तर इंडेक्स फंडात दरमहा एसआयपी करण्यात कमीपणा नाही. माझी आता तीच आहे.

फ्युचर्स-ऑप्शन्सकडे तर वळूच नका. सेबीच्याच अभ्यासात २०२१-२२ ते २०२३-२४ या काळात ९३ टक्के वैयक्तिक व्यवहार करणारे तोट्यात निघाले.

परवा तोच मित्र भेटला. कानाशी लागून म्हणाला, "एक आतली बातमी आहे."

"कुणी दिली?"

"ग्रुपवर आली."

"किती जण आहेत ग्रुपमध्ये?"

"असतील दोन हजार."