घर घेताना विजेचीही पारख

ऐकीव गोष्टीवर विसंबू नका, स्वतः पारखून घ्या, असा उपदेश तथागतांनी कालामांना केला. घर घेतानाही हाच विवेक हवा. आपण फरशी व रंग पाहतो, वायरिंग पाहत नाही. बँकेच्या मूल्यांकनात घराची किंमत ठरते, वायरिंगची सुरक्षितता नव्हे, हे आम्ही नोकरीत पाहतो.

म्हणून इसार देण्यापूर्वी परवानाधारक वायरमनकडून पुढील गोष्टी तपासून घ्याव्यात :

1) जुन्या घरात सॉकेट तीन पिनांचा असतो, पण मोठ्या भोकाला अर्थिंगची तार पुष्कळदा जोडलेलीच नसते. शिवाय सोलापूरच्या उन्हाळ्यात जमीन वाळली की अर्थिंग कमजोर पडते; म्हणून ते मोजूनच घ्यावे.

2) एमसीबी तारेला जळण्यापासून वाचवतो. माणसाला शॉकपासून वाचवण्यासाठी 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवा. त्याचे चाचणीचे बटण दाबताच वीज बंद झाली पाहिजे. मात्र तेवढ्याने अर्थिंग ठीक आहे असे ठरत नाही.

3) दिव्यांची 1.5 चौरस मिलिमीटरची तार गीझरला लावलेली नसावी.

4) महावितरणच्या बिलावरील नाव, मंजूर भार व थकबाकी पाहावी.

दोष आढळल्यास दुरुस्तीचा खर्च किमतीतून वजा करून मागावा. आयुष्याची पुंजी घालून घेतलेल्या घरात आपली लेकरे निर्धास्त वावरावीत, यासाठी एवढा अप्रमाद पाळू या. जयभीम!