पाण्याचा हात आखडता ठेव

पोरी, मायक्रोग्रीन्स हे काही फार नवं प्रकरण नाही. मुंबईच्या बाजारात इवल्याशा जुड्यांनी मिळते ती समुद्रमेथी याच जातीची, वाळूत दाट पेरून कोवळी असतानाच उपटलेली. नवरात्रात घटाला धान रुजवतो, तसंच खिडकीत रुजवायचं. एवढं मात्र ध्यानात ठेव.

बी वाण्याकडचं आण. मेथी, मोहरी, अळीव, धणे घरातलेच चालतात. पेरणीच्या बियाण्याला बरेचदा बुरशीनाशक चोळलेलं असतं. रंगवलेलं बी दिसलं की खाण्यासाठी घ्यायचं नाही. टोमॅटो, वांगं, मिरची, बटाटा, राजमा यांचे कोंबही खायचे नाहीत.

बीची खोड ओळख. मेथी रात्रभर भिजव. मोहरी कोरडी पेर. अळीव भिजवलेस तर बुळबुळीत होऊन एकमेकांना चिकटतील. ते ओल्या मातीवर कोरडेच भुरभुरव. एका धण्यात दोन बिया असतात, म्हणून लाटण्याने हलके रगडून फाका कर. धणे रुजायलाच आठ-दहा दिवस घेतात. सुरुवात मोहरीने कर.

डबा उथळ हवा. मिठाईच्या प्लास्टिकच्या डब्याला तळाशी भोकं पाड. दीड इंच कोकोपीट आणि चाळलेलं गांडूळखत भर. बी दाट पसर, पण एकावर एक चढू देऊ नकोस. दोन-तीन दिवस ताट झाकून ठेव. कोंब पिवळे दिसले तरी घाबरू नकोस, उजेडात आणलेस की हिरवे होतात.

पाणी बेताने दे. घरोघरी डबे मरतात ते तहानेने कमी, लाडाने जास्त. रुजेपर्यंत नुसता फवारा. मग ताटात पाणी घेऊन डबा दहा मिनिटं त्यात ठेव आणि उरलेलं ओतून दे. हे सकाळीच कर. रात्रभर पानं ओली राहिली की पावसाळ्यात बुरशी धरलीच म्हणून समज. मुळांपाशी पांढरी लव दिसली तर फवारा मारून बघ. दिसेनाशी झाली तर ती मुळांचीच. जाळं मातीभर पसरलं, कुबट वास आला, तर ती बुरशी. तो डबा वाचवत बसू नकोस, टाकून दे.

वेळेवर काप. मोहरी, अळीव आठवडाभरात, मेथी दहा-बारा दिवसांत. जोडपानं पुरती उघडली आणि मधून नवं पान डोकावलं की कात्री लाव, मातीच्या जरा वरून. परत फुटवा येत नाही. मुळांचा गठ्ठा खतात घाल. कापायच्या दिवशी पाणी देऊ नकोस, ओली पानं फ्रिजमध्ये सडतात.

शिजवू नकोस. पोह्यांवर, वरणभातावर वरून घाल. मोहरीचा झणका काकडीच्या कोशिंबिरीत छान लागतो.

आणि एकदम मोठा डबा पेरू नकोस. दर तीन-चार दिवसांनी एक लहान डबा पेर, म्हणजे ताटात रोज ताजं पडेल आणि एखादा बिघडला तरी अडणार नाही.