कमान, आस आणि ठोकळा

वडखळहून अलिबागला जाणारा रस्ता धरमतरला पुलावरून खाडी ओलांडतो. या रस्त्याने मुंबईकडच्या पुष्कळ मोटारी येतात. त्यांत कधी एखादी जुनी फियाट, अँबॅसिडर किंवा जीप असते. गाडी म्हातारी झाली तरी मालकाचा जीव तिच्यात गुंतलेला असतो. अशी गाडी दुरुस्तीला उभी राहिली, की काम आपल्याच गावच्या पोरांच्या हाती येते. त्यातले एक काम आज समजून घेऊ.

बैलगाडीला कमान नसते. खड्ड्याचा दणका आसातून थेट आपल्या कमरेत बसतो. टांग्याला कमानी असतात, म्हणून टांगा झुलत जातो. जुन्या मोटारींना मागच्या बाजूला अशाच कमानी असतात. पोलादाचे पाटे एकावर एक ठेवून त्यांतून मधोमध एक बोल्ट घातलेला असतो. सर्वांत लांब पाट्याची दोन टोके गाडीला अडकवलेली असतात. मधला भाग यू-बोल्टने मागच्या आसाला आवळलेला असतो.

आता असे समजा, की पाटे मोडले म्हणून नवे घातले. नव्या पाट्यांना बाक जास्त निघाला. गाडीची मागची बाजू वर उचलली गेली. जणू बैल चाऱ्याला वाकला आहे! मालक म्हणतो, "मागून खाली घ्या." मग कोणी सांगतो, "आस आणि कमान यांच्यामध्ये ठोकळा घाला, गाडी खाली बसेल."

बसेल का? आधी गाडीखाली वाकून बघा. कमान आसाच्या वर आहे की खाली?

एक काड्यापेटी घ्या. डावा हात आडवा धरा. हा झाला आस. आस चाकांवर उभा आहे, तो जागचा हलत नाही. उजवा हात म्हणजे कमान, आणि गाडी कमानीवर लटकलेली. उजवा हात डाव्याच्या खाली धरून मध्ये काड्यापेटी घाला. उजवा हात खाली गेला ना? गाडीही तेवढीच खाली जाते. आता उजवा हात वर ठेवा आणि तीच काड्यापेटी मध्ये घाला. हात वर गेला! ठोकळा तोच, पण गाडी उलट उंच होते. विलीस बनावटीच्या जुन्या जीपला कमानी आसाखाली असतात. ट्रकला बहुधा आसाच्या वर असतात. ट्रकचे पाहून जीपला करू नये, ते एवढ्यासाठी.

ठोकळा किती जाड हवा, हे अंदाजाने ठरवू नका. गाडी सपाट जागी, रिकामी उभी करा. चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंत टेपने मोजा. दोन्ही बाजू मोजा. एकच बाजू खाली असेल तर ठोकळ्याचे कामच नाही. त्या बाजूचा पाटा मोडला असेल किंवा बसला असेल.

दुसरे माप त्याहून महत्त्वाचे. आस उसळून गाडीला धडकू नये म्हणून वर एक रबर बसवलेले असते. आस आणि रबर यांत समजा तीन इंच जागा आहे. दोन इंचाचा ठोकळा घातला, तर उरला एक इंच. मागे चार माणसे बसली, वर तांदळाची दोन पोती टाकली, की तो इंचही गेला. मग प्रत्येक खड्ड्यात आस धडकणार. आमचे मत विचाराल तर बाक जास्त असेल तेव्हा पाटे पुन्हा लोहाराकडे नेऊन बाक कमी करून घ्यावा. ठोकळा त्यानंतर, आणि तोही लहान.

कायद्याचीही एक गोष्ट आहे. २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरच्या गाडीची 'व्हिंटेज' म्हणून नोंद होते. पण गाडी मूळ रूपात हवी. चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार चालत नाही. तेव्हा काही कापू नका, जोडू नका. काढता येईल तेवढेच बसवा आणि जुने सुटे भाग मालकाच्या हवाली करा.

काम करताना नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून गाडीखाली शिरू नका. जॅक सरकला तर माणूस जातो. पुढच्या चाकांना दगड लावा, चासीखाली दोन भक्कम घोड्या द्या, मगच आत जा. खाडीच्या खाऱ्या हवेने यू-बोल्ट गंजून घट्ट बसलेले असतात. ते कापून टाकावे लागले तरी हळहळू नका. ठोकळा घातला की जुने आखूड पडतात. ठोकळ्याच्या जाडीएवढे लांब, नवेच आणा. ठोकळा पोलादाचा हवा, लाकडाचा कदापि नको. एकावर एक दोन ठोकळेही रचू नका. मधल्या बोल्टचे डोके ठोकळ्याच्या भोकात आणि ठोकळ्याची खुंटी आसाच्या भोकात नीट बसली पाहिजे; नाहीतर आस सरकून गाडी तिरकी चालते. काही ठोकळे पाचरीसारखे उतरते असतात. ते उलटे बसले तर इंजिनाकडून येणाऱ्या दांड्याचा कोन बिघडतो आणि गाडी थरथरते.

नट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळा. ब्रेकची नळी ताणली नाही ना, टायर मडगार्डला घासत नाही ना, हे माणसे बसवून बघा. दोनशे-तीनशे किलोमीटर चालल्यावर नट पुन्हा आवळा.

रात्री गाडी भिंतीसमोर उभी करून दिवेही पाहा. मागची बाजू खाली गेली की पुढचा प्रकाश वर चढतो. पुलावर समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात, म्हणून दिवे तेवढे खाली वळवून घ्या.