‘मीच मला परका वाटतो’



“फादर, मी बोलतो तेव्हा दुसराच कुणी बोलतोय असं वाटतं. हात माझेच, पण माझे वाटत नाहीत. घरचे समोर बसलेले असतात आणि मध्ये जणू काच आहे.” असे कुणी सांगितले तर आपण काय म्हणतो? वेड लागले, बाहेरची बाधा झाली, नाहीतर नाटक करतो. तिन्ही उत्तरे चुकीची असू शकतात.

मानसोपचारात या अनुभवाला डिपर्सनलायझेशन म्हणतात. स्वतःऐवजी भोवतालचे जग स्वप्नासारखे वाटले तर डिरिअलायझेशन. बहुधा दोन्ही जोडीने येतात. लुडोविक द्युगा या फ्रेंच अभ्यासकाने १८९८ साली हा शब्द रूढ केला. तो त्याला जिनिव्हाचे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक आमिएल यांच्या रोजनिशीत सापडला होता. सेमिनरीत आम्ही देकार्तचे ‘मी विचार करतो, म्हणून मी आहे’ घोकले. या माणसाचा विचार शाबूत असतो, हरवलेला असतो तो ‘माझेपणा’.

तारापूरला रात्रपाळी करून सकाळच्या गाडीत बसलेल्या माणसालाही कधी असे वाटते. अपघातानंतर, मृत्यूची बातमी ऐकल्यावरही वाटते. झोप झाली, धक्का ओसरला की ते जाते. पण ते महिनोन्‌महिने राहिले किंवा वारंवार आले, आणि अभ्यास, काम, संसार अडू लागला तर तो आजार आहे. शंभरांत एकदोघांना तो होतो, आणि बहुतेकांना किशोरवयात सुरू होतो. मागे अतिभीतीचे झटके, नैराश्य, लहानपणी झालेला छळ किंवा दुर्लक्ष असू शकते. गांजानेही तो सुरू होतो, हे तरुणांनी नीट वाचावे. विजेचा भार वाढला की फ्यूज उडतो, घर वाचते, पण अंधार होतो. मनाचेही काहीसे तसेच.

वरच्या बोलण्यातला ‘जणू’ हा शब्द सोडू नका. काच खरी नाही, हे त्या माणसाला ठाऊक असते. भ्रम झालेल्याला काच खरीच वाटते. म्हणून याला वेड म्हणणे चूक आहे.

भगताकडे नेऊ नका. आणि ‘फादर, भूत काढा’ म्हणत माझ्याकडेही आणू नका. चर्चच्या कायद्याप्रमाणे (कलम ११७२) बिशपांच्या स्पष्ट परवानगीशिवाय कुणीही धर्मगुरू भूतबाधा काढण्याचा विधी करू शकत नाही. १९९९ च्या सुधारित विधिग्रंथातही मानसिक आजाराला बाधा समजू नये अशी ताकीद आहे. मिस्सात काहीच जाणवत नाही, म्हणजे श्रद्धा गेली, असेही कुणी त्याला ऐकवू नये. भावना बधिर होणे हे पाप नव्हे.

आधी डॉक्टरांना दाखवावे, कारण फिट्स किंवा अर्धशिशीतही असे होते. या आजारावर हमखास लागू पडणारे एक औषध नाही. समुपदेशनाने आणि सोबतच्या चिंतेवर, नैराश्यावर उपचार केल्याने पुष्कळांना आराम पडतो. ‘मी खरा आहे ना?’ असे दिवसभर तपासत बसले की त्रास वाढतो. त्यापेक्षा पाय जमिनीवर टेकवावेत, हातावर गार पाणी घ्यावे, समोरच्या पाच वस्तूंची नावे घ्यावीत.

‘ठाण्याला पाठवा’ ही आपल्याकडची जुनी कुचेष्टा. ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ पासून आहे. तिथे बाह्यरुग्ण विभागात दाखवून माणूस संध्याकाळी घरी परत येऊ शकतो. तेवढेही जमत नसेल तर १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी क्रमांक २०२२ पासून सुरू आहे. तो मोफत आहे, रात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येते. पहिला फोन घरच्यांनी लावून दिला तरी चालेल.