लेथयंत्राची घोडी

(शास्त्रपाठ : १ राजे ७:२७-३८)

सोर येथील हिराम कारागिराने शलमोनाच्या मंदिराकरिता जी पितळेची कामे केली, त्यांचा वृत्तांत आपल्या उपासनांत क्वचितच वाचला जातो. लांबीरुंदीची मापे ऐकता ऐकता मंडळी पेंगू लागते, म्हणून उपदेशक तो भाग गाळून पुढे जातात. परंतु ज्या घरी करवत व रंधा आहे, त्या घराने हा भाग सावकाश वाचावा असे आम्ही सुचवितो. त्यात दहा गंगाळे आणि ती ठेवावयाचे दहा चौरंग यांचे वर्णन आहे. गंगाळांची हकिकत एका वचनात आटोपली आहे. चौरंगांस मात्र अकरा वचने लागली आहेत. पाणी ज्यात राहावयाचे त्या भांड्यापेक्षा ते ज्यावर राहावयाचे त्या बैठकीचा विचार अधिक झाला, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे.

प्रत्येक चौरंग चार हात लांब, चार हात रुंद व तीन हात उंच होता. हात म्हणजे सुमारे १८ इंच धरला, तर बैठक सहा फूट आणि उंची साडेचार फूट होते. गंगाळात चाळीस बथ पाणी मावे; आजच्या मापाने ते ८०० लिटरांहून अधिक भरते. एवढा भार डुलू नये म्हणून बैठक उंचीपेक्षा रुंद ठेविली होती. शिवाय ३४ व्या वचनात सांगितले आहे की, चारही कोपऱ्यांचे आधार चौरंगाशी एकजीव होते. मागाहून ठोकून लाविलेले नव्हते. ह्या दोन गोष्टी सुताराने मनात ठेवाव्या, कारण आम्हांस आज ज्या विषयासंबंधी लिहावयाचे आहे, त्याचे मर्म ह्यांतच आहे.

अलीकडे आपल्या खेड्यांतील काही तरुण विजेवर चालणारे लहान लेथयंत्र घेऊन कातकाम करू लागले आहेत. लाटणी, रव्या, भोवरे, पाळण्याचे व पलंगाचे कातीव खूर, मंदिरातील कठड्याचे खांब अशा वस्तूंस गिऱ्हाईक मिळते, आणि पावसाळ्यात शेतीचे काम थांबले तरी घरात चार पैसे येतात. ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु पुष्कळदा असे होते की, साठविलेला किंवा कर्जाऊ काढलेला सर्व पैसा यंत्रात जातो आणि यंत्र बसविण्यास घरातले जुने मेज पुढे ओढले जाते. मग लाकूड फिरू लागताच मेज थरथरते, पटाशी उड्या मारते, कामावर लाटा उमटतात, आणि मालक म्हणतो की यंत्रच खोटे निघाले. यंत्र बहुधा खरे असते. खोटी असते ती घोडी. कित्येकांनी ह्याच कारणाने यंत्र अर्ध्या किमतीस विकले आणि कर्ज मात्र पुरते फेडले.

जुन्या कातारी लोकांस ही अडचण नव्हती. त्यांचा सांगाडा जमिनीत घट्ट रोवलेला असे. कारागीर जमिनीवरच बसे, दोरीच्या किंवा कमानीच्या ओढीने लाकूड फिरे, आणि हत्यार स्थिर धरण्यास पायाचाही उपयोग होई. त्यांची घोडी म्हणजे प्रत्यक्ष भूमी होती. आपण यंत्र भूमीपासून अडीच फूट उचलले, ह्यास्तव भूमीचे काम आता घोडीस करावे लागते.

ते काम केवढे आहे हे आकड्यांवरून समजेल. ओबडधोबड ठोकळ्याची एक बाजू १०० ग्रॅमने जड आहे, आणि तो जादा भार मध्यापासून १० सेंटिमीटर अंतरावर आहे असे समजा. मिनिटास १००० फेरे होऊ लागले की तो भार सुमारे ११ किलोच्या जोराने यंत्रास ओढू लागतो. एकाच दिशेने नव्हे, तर वर, पुढे, खाली, मागे असा सेकंदास सोळा-सतरा वेळा फिरून. फेरे दुप्पट केले की जोर चौपट, म्हणजे सुमारे ४४ किलो होतो. लहान यंत्राचे स्वतःचे वजन कित्येकदा ह्याहून कमी असते. अशा वेळी यंत्र मेजावरून चालू लागते, आणि ठोकळा सुटला तर तोंडावर येतो. म्हणून नवशिक्याने ठोकळा आधी वाकसाने शक्य तितका गोल करून घ्यावा व फेरे कमी ठेवावे. इंचांतील व्यासास मिनिटाच्या फेऱ्यांनी गुणिले असता उत्तर ६००० ते ९००० च्या दरम्यान असावे, असा कातकाम करणाऱ्यांचा साधारण नियम आहे. सहा इंची ठोकळ्यास ह्या हिशेबाने १००० ते १५०० फेरे येतात. ओबड ठोकळ्यास ह्याहूनही कमी बरे.

आता घोडी. आमच्या मते आपल्या भागात वाळलेली बाभूळ ह्या कामास उत्तम. ती जड आहे, चिवट आहे, आणि सागापुढे स्वस्त पडते. मात्र ओली बाभूळ घेऊ नये. ती वाळताना पिळते आणि सांधे उघडतात. पाय निदान तीन इंच जाडीचे असावे व खाली फाकलेले असावे. वरची फळी बारा इंच रुंद असेल, तर जमिनीवर पायांतले अंतर चोवीस इंचांपर्यंत न्यावे. हिरामाच्या चौरंगाएवढी रुंदी आपणांस साधणार नाही, कारण कारागिरास कामाजवळ उभे राहावे लागते, आणि पुढचे पाय फार फाकले तर त्यांस ठेच लागते. ह्यासाठी पुढे थोडे व मागे अधिक फाकवावे. सांध्यात नुसते खिळे ठोकू नयेत. आडव्या लाकडाचे कुसू पायाच्या भोकात घट्ट बसवावे आणि आरपार बोल्ट घालून मोठ्या वायसरवर नट आवळावा. मागच्या बाजूस एक तिरपी पट्टी अवश्य द्यावी. चौकोन किती भक्कम केला तरी कलू पाहतो. त्रिकोण कलत नाही.

पायांच्या तळाशी, जमिनीपासून चार-पाच इंचांवर, एक खोका करून त्यात वाळू भरावी. तीन फूट लांब, एक फूट रुंद व अर्धा फूट खोल खोक्यात सुमारे ६५ ते ७० किलो कोरडी वाळू मावते. वजन खाली असल्याने घोडी डळमळत नाही, आणि वाळूचे कण एकमेकांवर घासून थरथर गिळून टाकतात. वाळू उन्हात पुरती वाळवून गोण्यांत भरावी. ओल्या वाळूने लाकूड कुजते, बोल्ट गंजतात. आणि गोण्यांतून भरलेली वाळू घर बदलताना काढावयास सोपी पडते. कोणी दगड रचतात; ते एकमेकांवर खडखडतात, म्हणून आम्हांस वाळूच पसंत आहे.

उंची दुसऱ्याच्या घोडीवरून घेऊ नये. सरळ उभे राहून कोपर दुमडावे व जमिनीपासून कोपरापर्यंत मोजावे. लाकूड ज्या आसावर फिरते तो आस त्या उंचीस असावा. समजा, कोपर ४० इंचांवर आहे आणि यंत्राच्या तळापासून आस ९ इंचांवर आहे, तर घोडी ३१ इंचांची. घोडी ठेंगणी झाली तर दिवसभर वाकून पाठ धरते. उंच झाली तर खांदे भरून येतात. घरात दोघे भाऊ काम करीत असतील तर उंच भावाच्या मापाने करावी व ठेंगण्याने फळ्यांच्या रुंद पाटावर उभे राहावे.

सारवलेल्या जमिनीवर घोडीचे पाय हळूहळू रुतत जातात, तेही सारखे नव्हे. प्रत्येक पायाखाली एक जाड फरशीचा तुकडा जमिनीत बसवून पाणसळीने चारही सारखे करावे. जाड मऊ रबर घालू नये. त्यावर यंत्र नाचते. मातीच्या भिंतीस घोडी जखडण्याचा मोहही आवरावा, भिंतीस भेग पडते.

यंत्र घोडीवर बसविताना बहुतेकांची घाई होते. त्याचे चारही खूर फळीस टेकले आहेत की नाही हे आधी पाहावे. एखादा खूर कागदाएवढा अधांतरी असेल आणि तसाच नट आवळला, तर यंत्राचा लोखंडी पाट पिळतो, आणि दोन्ही बाजूंची टोकदार सेंटरे समोरासमोर येत नाहीत. अशा वेळी त्या खुराखाली पातळ पत्रा सरकवून मगच आवळावे. आवळून झाल्यावर दोन्ही सेंटरे जवळ आणून टोकास टोक लागते का ते पाहावे; लागत नसेल तर एकेक नट ढिला करावा, आणि ज्या नटाने टोक हलेल त्या खुराखाली पत्रा कमी-जास्त करावा. विजेची तार लावताना अर्थिंग विसरू नये. बटण अशा जागी असावे की ते बंद करण्यास फिरत्या लाकडावरून हात न्यावा लागणार नाही. उपरणे, पदर व सैल बाह्या आवरून, डोळ्यांस चष्मा लावूनच यंत्र सुरू करावे.

पहिल्या दिवशी काही न बांधता यंत्र रिकामे चालवून फळीवर पाण्याने भरलेली वाटी ठेवावी. पाण्यावर बारीक वलये उठली तर हरकत नाही. पाणी हिंदकळले तर कोठे तरी सांधा ढिला आहे किंवा एक पाय अधांतरी आहे, तो शोधावा. पंधरा दिवसांनी सर्व नट पुन्हा आवळावे, आणि पावसाळा सरल्यावर आणखी एकदा, कारण पावसाळ्यात फुगलेले लाकूड कार्तिकात आक्रसते आणि घट्ट नट ढिले होतात.