तिकिटावरची वेळ कशी वाचायची? – मुंबई ते दुबई

ताईंनो, गेल्या वर्षी आपल्या एका गटातल्या ताईंच्या मुलाला दुबईत काम लागलं. तिकिटासाठी त्यांनी गटातून कर्ज घेतलं. तिकिटावर तारीख १५ आणि वेळ ००:५० होती. सगळ्यांना वाटलं, १५ च्या रात्री जायचंय. १५ ला संध्याकाळी बदलापूरहून गाडी केली. विमानतळाच्या दारात कळलं, विमान कालच्या रात्रीच गेलं! ते तिकीट मीही पाहिलं होतं, पण माझ्याही लक्षात आलं नाही. दुसरं तिकीट काढावं लागलं. त्याचे हप्ते ताई अजून फेडतायत. म्हणून आजचा हा धडा.

१) तारीख
रात्री १२ वाजता तारीख बदलते. ००:५० म्हणजे रात्रीचे बारा वाजून पन्नास मिनिटं. परदेशी जाताना तीन तास आधी पोचायचं असतं. म्हणजे १५ तारखेच्या या विमानासाठी १४ ला रात्री ९:५० पर्यंत विमानतळावर हवं.

२) अंतर
मुंबई ते दुबई हवाई अंतर सुमारे १,९३० किलोमीटर आहे. बदलापूर ते सीएसएमटी ६८ किलोमीटर, म्हणजे तसे जवळजवळ २८ फेरे. विमान तासाला ८०० ते ९०० किलोमीटर जातं. चढताना, उतरताना वेग कमी असतो, म्हणून साधारण तीन तास धरायचे.

३) वेळ
तिकिटावर प्रत्येक गावाची तिथलीच वेळ छापतात. दुबईचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे.
जाताना: मुंबईहून सुटलं दुपारी ४:००, दुबईला पोचलं ५:४०. दिसतो १ तास ४० मिनिटं. त्यात दीड तास मिळवा. खरा प्रवास ३ तास १० मिनिटं.
येताना: दुबईहून सुटलं रात्री १०:००, मुंबईत पोचलं २:२०. दिसतात ४ तास २० मिनिटं. त्यातून दीड तास वजा करा. खरा प्रवास २ तास ५० मिनिटं, पण तारीख दुसऱ्या दिवसाची!
येताना वेळ कमी का? उंचावर वारा बहुतेक पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. तो येताना पाठीमागून ढकलतो, जाताना समोरून अडवतो.

४) विमानतळ कुठलं?
ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं. आता विमानतळ दोन आहेत. तिकिटावर नाव बघूनच गाडी ठरवा.

बैठकीत करून बघा
हिवाळ्यात लंडनचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असतं. अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर. विमान मुंबईहून दुपारी २:०० ला सुटलं आणि लंडनला संध्याकाळी ६:३० ला पोचलं. खरा प्रवास किती? उत्तर १० तास आलं तर हिशोब बरोबर.

आणि हो, घरात कुणाचंही तिकीट आलं की बैठकीत घेऊन या. दोघीतिघींनी मिळून वाचू. मीसुद्धा आता दोनदा वाचते.